अडलेल्या गणितापाशी जरा बसू या

रात्री आठच्या सुमारास आपल्या घरोघरी गणित सुरू होतं. कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात, शेजारच्या घरातून मालिकेचा आवाज येत असतो आणि पोर वही उघडून पेन्सिलीचं टोक चावत बसलेलं असतं. आपण रोवणीवरून, खाणीतल्या पाळीवरून, नाहीतर तुमसरच्या दुकानातून थकून आलेलो असतो. "झालं का?" "नाही." जरा वेळाने पुन्हा, "झालं का?" तिसऱ्यांदा विचारताना आवाज चढलेला असतो. ते आपल्या लक्षात येत नाही, पोराच्या बरोबर येतं.

मग कधी आपण उत्तर सांगून मोकळे होतो. कधी "एवढं साधं जमत नाही?" असं तोंडातून निघून जातं. आणि फारच माया आली तर म्हणतो, "जाऊ दे बाबा, आपल्या घरात कोणालाच गणित आलं नाही." आपल्याला वाटतं, पोराचं ओझं हलकं केलं. त्याच्या मनात मात्र पक्कं बसतं की हे आपल्याकडे यायचंच नाही.

खरं तर ते वाक्य खरंही नसतं. धान खरेदी केंद्रावर चाळीस किलोच्या कट्ट्यांचा हिशेब आपण तोंडी करतो. अडीच कट्ट्यांचा क्विंटल. तीस कट्टे काट्यावर गेले की बारा क्विंटल हे काटेवाल्याआधी आपल्याला कळलेलं असतं. दोन एकर बांधीला किती बाया लागतील, किती दिवस जातील, मजुरी किती होईल, हे सगळं आपण वहीला हात न लावता सांगतो. फक्त त्याला गणित म्हणत नाही. आपल्या लेखी गणित म्हणजे शाळेत छडीसोबत मिळालेली ती गोष्ट. ती धास्ती आपण सांभाळून ठेवली आणि आता आपल्याही नकळत पोरांच्या दप्तरात भरतो आहोत.

आंबागडच्या किल्ल्याखाली बसून गणितज्ञांच्या गोष्टी कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं. गणितज्ञ म्हणजे कुठेतरी परदेशात राहणारा, विस्कटलेल्या केसांचा, जेवणाचं भान नसलेला माणूस, असं चित्र डोक्यात होतं. मग मंगला नारळीकरांचं आयुष्य वाचनात आलं आणि ते चित्र बदललं. या बाईंना स्वयंपाकघर माहीत होतं, पोरींच्या शाळेच्या वेळा माहीत होत्या आणि रीमान या गणितज्ञाचं झीटा फलनही माहीत होतं.

आपल्यापैकी बहुतेकांना त्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या पत्नी म्हणून ठाऊक आहेत. पण त्या स्वतः संशोधक होत्या. जन्म १७ मे १९४३ चा, मुंबईतला. माहेरच्या राजवाडे. १९६२ मध्ये गणित घेऊन बी.ए., १९६४ मध्ये एम.ए. मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि लगेच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम सुरू झालं. आपल्या गावातल्या पोरीचा असा निकाल लागला तर आपण पेढे वाटू आणि म्हणू, चला, हिचं मार्गी लागलं.

तसं झालं नाही. लग्न झालं आणि पुढे संसार केंब्रिजला थाटला. तिथे थोडं शिकवणं झालं, पोरी झाल्या. १९७२ मध्ये कुटुंब भारतात परतलं. १९७४ पासून त्या पुन्हा टाटा संस्थेत जाऊ लागल्या आणि के. रामचंद्र या नामांकित गणितज्ञांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. पीएच.डी. मिळाली १९८१ मध्ये. सुवर्णपदक आणि पीएच.डी. यांच्यामध्ये सतरा वर्षं गेली. तोवर घरात गीता, गिरिजा आणि लीलावती अशा तिघीजणी होत्या. धाकटीला भास्कराचार्यांच्या ग्रंथाचं नाव.

भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये भारतातल्या स्त्री-वैज्ञानिकांवर 'लीलावतीज डॉटर्स' नावाचं एक पुस्तक काढलं. त्यात मंगलाबाईंनी स्वतःबद्दल लिहिलं आहे. शिकल्या-सवरलेल्या असूनही घरची जबाबदारी कायम कामाच्या आधी ठेवणाऱ्या त्यांच्या पिढीच्या कित्येक बायकांची जी कथा, तीच आपली, असा त्याचा सूर आहे. त्यात तक्रार नाही आणि मिरवणंही नाही.

आता, असं काही वाचलं की आपण चटकन म्हणतो, "बघा, घर सांभाळून केलं!" हे कौतुक मला जरा खटकतं. त्या काळात ते तसंच चालायचं, ठीक आहे. पण आपल्या घरातल्या सातवीतल्या पोरीला आपण आजच त्याची सवय लावतो. रोवणीच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोण थांबतं? तीच. पाहुणे आले की गणिताची वही मिटून चहा कोण टाकतं? तीच. मुलाचा अभ्यास चालू असला की आपण त्याला हाक मारत नाही, पोरीला हाक मारतो. मुद्दाम कोणी करत नाही. ती पटकन उठते म्हणून तिला हाक मारतो, एवढंच. पण पटकन उठणाऱ्या पोरीचं गणित दर वेळी अर्ध्यावर सुटतं, आणि दहावीत आपणच म्हणतो की मुलींना गणित जरा जडच जातं.

बरं, मंगलाबाई करत काय होत्या? त्यांचा विषय संख्याशास्त्र नव्हे, ते आकडेवारीचं शास्त्र. त्यांचा विषय संख्या-सिद्धांत, म्हणजे एक, दोन, तीन या साध्या पूर्ण संख्यांचा. त्यांचा एक शोधनिबंध चाळलेल्या संख्यांवर आहे. चाळलेल्या म्हणजे अक्षरशः चाळलेल्या. राइस मिलमधून आलेला तांदूळ आपण चाळतो, तेव्हा कणी खाली पडते आणि अख्खा दाणा वर राहतो, तशीच ही संख्यांची चाळणी.

ही चाळणी घरी करून बघा, पाटीवर किंवा अंगणात खडूने. पोराला एक ते शंभर आकडे लिहू द्या, दहा-दहाच्या ओळींत. एकला बाजूला ठेवा. दोनभोवती गोल काढा आणि दोनच्या पटीतले बाकीचे सगळे खोडा. चार, सहा, आठ, थेट शंभरपर्यंत. मग तीनला गोल, त्याच्या पटीतले खोडा. चार आधीच गेलेला असतो, म्हणून पाच. मग सात. पुढे अकराच्या पटीतले खोडायला जा, तर बावीस, तेहेतीस, चव्वेचाळीस, सगळे आधीच खोडलेले निघतात. इथे थांबायचं. खोडल्याविना राहिलेले आणि गोल केलेले मिळून मोजा, पंचवीस भरतात. या मूळ संख्या. दुसऱ्या कोणाच्याही पाढ्यात न येणाऱ्या.

यात गंमत कुठे येते सांगते. पोर एक्क्याण्णववर थबकतं. हा तर कोणाच्याच पाढ्यात दिसत नाही! मग सातच्या पाढ्यात पुढे जाऊन सापडतं की सात तेरे एक्क्याण्णव. सत्तावन्न असाच फसवा आहे, तो तीन एकोणीस. अशा वेळी आपली जीभ वळवळते. आपल्याला सांगायचं असतं. नका सांगू. तिथे पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ते आपण सांगितल्यावर येत नाही.

ही चाळणी एरॅटोस्थेनीस नावाच्या ग्रीक विद्वानाच्या नावावर आहे, दोन हजार दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीची. पण त्यातला पुढचा प्रश्न अजून लोकांना जागवतो. शंभरात पंचवीस उरले, मग लाखात किती, कोटीत किती, आणि ते कुठे दाट आणि कुठे विरळ? याचा धागा रीमान यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या एका अटकळीशी जाऊन भिडतो. ती अजून कोणाला सिद्ध करता आलेली नाही. अमेरिकेतल्या क्ले संस्थेने २००० मध्ये त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते आजही तसंच पडून आहे. मंगलाबाईंचं काम याच परिसरातलं, झीटा आणि तिच्या भावंडांसारख्या फलनांच्या सरासरी किमतींवरचं. तो तपशील मला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मला एवढं कळलं की जगातली भली भली माणसं रोज सकाळी उठून अडलेल्या गणितापाशी जाऊन बसतात आणि त्याचा त्यांना पगार मिळतो.

श्रीराम अभ्यंकरांचंच घ्या. १९३० चा उज्जैनचा जन्म, वाढले ग्वाल्हेरला, वडील गणिताचे प्राध्यापक. हार्वर्डला शिकले, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात आयुष्य गेलं, पुण्यात १९७६ मध्ये त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. १९५७ मध्ये त्यांनी बीजगणितीय भूमितीतली एक अटकळ मांडली. मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर या दोघांच्या कामातून ती सिद्ध झाली १९९४ मध्ये. सदतीस वर्षं! या माणसांना कोणी रात्री आठ वाजता तीन-तीनदा "झालं का?" विचारलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

आपण पोराला अडलेलं बघू शकत नाही, ही आपली खरी अडचण. ते पडलं तर आपण उचलतो, भूक लागली तर भरवतो, मग गणितात अडलं तर सोडवूनच देणार ना! मायेचं माणूस तेच करणार. पण गणितात अडणं म्हणजे आजारी पडणं नव्हे. तिथे काहीतरी चाललेलं असतं, बाहेरून दिसत नाही एवढंच. पेन्सिल चावणारं पोर प्रत्येक वेळी वेळ घालवत असतं असं नाही. कधीकधी घालवतही असतं, हेही खरं. फरक कळायला जरा जवळ बसावं लागतं.

मंगलाबाईंच्या सासरकडची एक हकिगत मला फार आवडते. ती जयंतरावांनी 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यांचं बालपण बनारसला गेलं. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घराच्या भिंतीवर फळे होते. जयंतरावांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार तिथे शिकायला येऊन राहिले होते. हे मोरूमामा फळ्यावर भाच्यासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे, वर त्याच्या नावाची आद्याक्षरं टाकून आव्हान म्हणून. ते गणित सुटेपर्यंत, नाहीतर भाचा हार मानेपर्यंत, फळ्यावरून पुसलं जायचं नाही.

जरा डोळ्यांपुढे आणा. पोर सकाळी दात घासायला जाताना फळ्यासमोरून जातं. शाळेतून आलं की पुन्हा नजर जाते. खेळून आलं की पुन्हा. कोणी त्याच्या डोक्यावर बसलेलं नाही. वहीत चुकलं तर लाल रेघ येते आणि ती तिथेच राहते. फळ्यावर चुकलं तर तळहाताने पुसलं की झालं. शिवाय हार मानायची मुभा होती, ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आपण पोराला आव्हान देतो तेव्हा हरायची सोय ठेवतच नाही.

फळा आणायला फार पैसे लागत नाहीत. दाराच्या मागच्या बाजूला काळा रंग मारला तरी चालतं. गणित आपल्या कामातलं घाला. 'पस्तीस कट्ट्यांचे किती क्विंटल?' हे पोर चटकन करेल. मग 'सव्वापाच एकराच्या बांधीचे तीन भावांत सारखे वाटे केले तर प्रत्येकाला किती?' याला जरा वेळ लागेल. लागू द्या. आजोबांना विचारेल, मावशीला विचारेल, गुरुजींना विचारेल. विचारू द्या, घरात चर्चा होऊ द्या. आणि तुम्हाला स्वतःला येत नसेल तर तसं सांगा. "मला पण नाही येत, बघू कोणाला आधी येतं" हे ऐकून पोरांना जो आनंद होतो, तो शाबासकीनेही होत नाही.

पण एक सांभाळा. ही फळ्याची कल्पनासुद्धा आपण ओझं करू शकतो, आपली ती खासियतच आहे. शेजारच्या पोराने सोडवलं आणि तू नाही, असं एकदा जरी म्हटलं तरी फळा तिथेच मेला. दिवसभर उन्हात हुंदडलेल्या, भूक लागलेल्या, डोळ्यांत झोप असलेल्या पोरापुढे मूळ संख्या ठेवू नका. रडायला आलं तर वही मिटा, जेवू घाला, निजू द्या. पोट भरलं आणि झोप झाली की बरीच गणितं सकाळी सोपी होतात. मोठ्यांचंही तसंच होतं.

मंगलाबाईंच्या आयुष्यातला शेवटचा मोठा गलका आठवत असेल तुम्हाला, २०१९ च्या जूनमधला. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर चेष्टा सुरू झाली. मराठी बुडाली इथपासून विधानसभेतल्या कोट्यांपर्यंत. त्या तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. जुनं वाचन काढून टाकलेलं नाही, दोन्ही आहेत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून हे दिलं आहे, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या.

त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला जुनं वाचन आवडतं, कानाला सवय आहे. पण दुसरीतल्या पोराच्या जागी बसून बघा. गुरुजी म्हणतात त्रेसष्ट. पोर आधी तीन ऐकतं, म्हणून आधी तीन लिहितं, मग सहा. झाले छत्तीस. आपण म्हणतो, लक्ष नाही. अहो, लक्ष होतं म्हणूनच तर त्याने ऐकलं तसं लिहिलं! त्याची ही अडचण खरी आहे, आळस नाही. आयुष्यभर संशोधनात वावरलेली बाई उतारवयात दुसरीतलं पोर नेमकं कुठे ठेचकाळतं याचा विचार करत बसली, मला त्यांचं खरं मोठेपण यातच वाटतं. 'गणिताच्या सोप्या वाटा', 'गणितगप्पा' ही त्यांची पुस्तकंही अशाच पोरांसाठी आहेत. तुमसरच्या किंवा भंडाऱ्याच्या पुस्तकांच्या दुकानात सांगून ठेवलं तर मागवून देतील. १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात त्या गेल्या.

त्यांच्या जन्मसालाचा एक खेळ सांगते, रात्री लाईट गेली की करायला बरा. १९४३ घ्या. यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ९४३१. उलटे मांडा, १३४९. वजा करा, ८०८२. पुन्हा तसंच, ८८२० मधून ०२८८ वजा, ८५३२. पुन्हा, ८५३२ मधून २३५८ वजा, ६१७४. आणखी एकदा करून बघा, ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च. पोराचं जन्मसाल घ्या, मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच.

हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर कुठल्या मोठ्या संस्थेत नव्हते. देवळालीच्या शाळेत मास्तर होते, १९३० ते १९६२. नोकरी सांभाळून फावल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. लोक हसायचेही. आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. पोराला वजाबाकीचा सराव द्यायचाच असेल तर पन्नास उदाहरणांपेक्षा हा खेळ बरा. सराव तोच होतो, तक्रार होत नाही.

आता तो प्रश्न, जो आपण पोरांसमोर विचारत नाही पण रात्री एकमेकांना विचारतो. गणितातच गोडी लागली तर पुढे पोट भरेल का? डॉक्टर-इंजिनीअरचा रस्ता निदान ओळखीचा असतो. तुमची काळजी बरोबर आहे, ती उडवून लावण्यात अर्थ नाही.

रस्ता आहे आणि तो लांब आहे. बारावीनंतर पुण्याची आयसर, बेंगळुरूची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नईची मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, अशा ठिकाणी प्रवेश परीक्षा देऊन गणित शिकता येतं. जवळच्या कॉलेजातून बी.एस्सी. करूनही पुढे जाता येतं. एम.एस्सी.नंतर नेट पास होऊन संशोधनाची फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे त्या वयात घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पण पीएच.डी. व्हायला चार-पाच वर्षं, पुढे इथे दोन तिथे तीन वर्षं अशा तात्पुरत्या नोकऱ्या, आणि कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटून जाते. जागाही कमीच. तोवर नातेवाईक लग्नात भेटून विचारत राहणार, "अजून शिकतोच का?" ते ऐकायची तयारी आपण आईबापांनी ठेवायची.

आणि प्रत्येक पोराने गणितज्ञ व्हावं असं थोडंच आहे! मंगलाबाईंच्या तिन्ही लेकींनी गणित विषय जसाच्या तसा उचलला नाही. एक जीवविज्ञानात गेली, दोघी संगणकात. गणिताची भीती नसलेली पोर बँकेत गेली काय, दुकान चालवलं काय, शेती केली काय, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी व्याज स्वतः मोजून बघेल, एवढं पुरे.

ट्युशनचंही बोलून टाकते. तुमसरला ट्युशन लावणं वाईट नाही, कामाच्या माणसाला दुसरा इलाजही नसतो. पण ट्युशनहून आलेल्या पोराला "आज काय शिकवलं?" याऐवजी "आज कुठे अडलं?" एवढं विचारा. आधी ते म्हणेल, "कुठेच नाही." कारण अडलं असं सांगणं म्हणजे शिव्या खाणं, हे आपणच त्याला शिकवलं आहे. आठ-दहा दिवस रागावलं नाही की हळूहळू सांगायला लागतं. आणि सांगितलं की तिथल्या तिथे उत्तर द्यायची घाई नको. "दाखव, कुठपर्यंत आली होतीस," म्हणून शेजारी बसा. तुमच्या हातात त्या वेळी तांदूळ निवडायचं सूप असलं तरी चालेल, मोबाइल मात्र नको.

शेवटचं कामाचं. आठवीतल्या पोरांसाठी केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. जिल्हा परिषदेच्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना ती देता येते, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. पेपरात बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात आणि गणितही असतं. अर्ज शाळेमार्फतच भरायचा असतो आणि उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलमध्ये वेळ लागतो, म्हणून दिवाळीची वाट बघू नका. घरात आठवीतली पोरगी असेल तर याच आठवड्यात गुरुजींना जाऊन भेटा.